मिआटा घेतली, आता आधी काय? बदलांचा क्रम आणि नेमक्या चुकणाऱ्या जागा

मिशिगनमध्ये वसंत सुरू झाला, रस्त्यांवरचं मीठ पावसाने धुऊन गेलं, की मला फोन येऊ लागतात. "१९९४ ची मिआटा घेतली. कॉइलओव्हर मागवलेत, शनिवारी बसवायला याल का?" कॉइलओव्हर म्हणजे उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी. मी विचारतो, टायर कोणत्या सालचे आहेत? टायमिंग बेल्ट कधी बदललाय? शॉक गळतायत का? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. भाग ठरलेला असतो, पण गाडी अजून कोणी नीट बघितलेली नसते.

त्या सगळ्या फोनना हे सविस्तर उत्तर. ते माझदा मिआटाच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरतं आहे: एनए (मॉडेल वर्ष १९९० ते १९९७) आणि एनबी (१९९९ ते २००५). अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी हीच गाडी एमएक्स-५ म्हणून ओळखली जाते. आपल्या लोकांनी पहिली हौसेची गाडी म्हणून घेतलेल्या मिआटा मी पाहिल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या याच दोन पिढ्यांमधल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. झिजलेल्या गाडीवर नवा भाग चढवला की झीज झाकली जाते. पुढे गाडी एका बाजूला ओढायला लागली किंवा खडखडायला लागली, तर दोष जुन्या बुशचा (सस्पेंशनच्या सांध्यातल्या रबराचा) की नव्या शॉकचा, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी गाडी कारखान्यातून निघाली होती तशी चालती करा. मग एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांच्या मध्ये गाडी चालवणं.

भारतातल्या वाचकांसाठी: ही गाडी तिकडे अधिकृतपणे विकली जात नाही, पण स्विफ्ट किंवा पोलोवर काम करणाऱ्यांनाही हा क्रम लागू पडतो. कायदा मात्र वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावलं. भाग मागवण्याआधी ते वाचा.

## टप्पा १: कागद आणि नियम

एका संध्याकाळचं काम आहे. तरीही हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो.

१. चासी नंबर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे निर्मात्याने गाडी परत बोलावून करायची दुरुस्ती, बाकी आहे का ते बघा. रिकॉलचं काम फुकट होतं.

२. विमा कंपनीला विचारा. ब्रिटनमध्ये चाकं बदलली तरी कळवावं लागतं. न कळवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. जर्मनीत भागासोबत मान्यतेचे कागद लागतात, नाहीतर टीयूव्ही या तिथल्या वाहन तपासणीत गाडी अडकते.

३. प्रदूषणाचे नियम. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं अमेरिकेत संघीय कायद्यानेच बंद आहे, राज्य कोणतंही असो. कॅलिफोर्नियात इनटेक, हेडर, टर्बो अशा भागांवर तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. तो नसेल तर स्मॉग चाचणीत गाडी नापास होते.

४. ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून घड्याळाविरुद्ध गाडी चालवायला जाणार असाल, तर त्या स्पर्धेची नियमपुस्तिका आधी वाचा. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) सोलो स्पर्धेत 'स्ट्रीट' गटात शॉक बदलता येतात, पण स्प्रिंग मूळचीच ठेवावी लागते. पहिल्याच महिन्यात कॉइलओव्हर बसवणारा नवशिक्या नकळत या गटातून बाहेर पडतो आणि कितीतरी जास्त तयार गाड्यांसमोर उभा राहतो.

५. तुमच्या नेमक्या सालाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. १.६ आणि १.८ लिटर गाड्यांचे ब्रेक, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी), काही बोल्टचे टॉर्क (आवळायचा जोर) वेगळे आहेत. १९९० ते १९९३ च्या गाड्या १.६ लिटर, १९९४ पासून अमेरिकेत १.८. "मिआटाला बसतं" एवढं वाचून भाग मागवू नका.

## टप्पा २: जागा आणि हत्यारं

सपाट सिमेंटची जागा, हायड्रॉलिक जॅक, चार जॅकस्टँड, टॉर्क रेंच, १० ते २१ मिलिमीटरचे सॉकेट, लांब दांड्याचा पाना, गंज सोडवणारं तेल आणि ४ मिलिमीटरचा अ‍ॅलन पाना. हा शेवटचा कशासाठी, ते ब्रेकच्या टप्प्यात येईल.

जॅक कुठे लावायचा, इथे फार जण चुकतात. गाडीच्या पोटाखाली लांबीच्या दिशेने दोन पातळ पत्र्याच्या पट्ट्या दिसतात. त्या चासीसारख्या दिसतात, पण वजन सहन करण्याइतक्या जाड नाहीत. जॅक लावला की चेपतात. चार मिआटांपैकी तीन तरी मला तिथे चेपलेल्याच सापडतात. पुढून उचलायचं तर पुढच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर, मागून उचलायचं तर डिफरन्शियलच्या घरावर. स्टँड लावायचे ते दाराखालच्या उभ्या कडेवर, चाकांजवळच्या मजबूत केलेल्या जागी.

सावधान: फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड लावले की गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा खाली घ्या.

काढलेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव आणि जागा. आठवडाभर काम रखडलं की ही पुडीच वाचवते.

## टप्पा ३: गाडीची खरी अवस्था लिहून काढा

एक वही घ्या आणि गाडी कोपऱ्या-कोपऱ्याने बघा. या टप्प्याला दोन शनिवार लागतात, ते देऊन टाका. खरं तर हे गाडी घेण्याआधी करायचं असतं; केलं नसेल तर आता तरी.

गंज आणि पाणी. कापडी टपावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं आणि धूळ साचून या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात मुरतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून फसायला होतं. दाराखालचा पत्रा मागच्या चाकाच्या पुढे अंगठ्याने दाबून बघा, बुडबुडे आलेत का बघा, गालिच्याखाली ओल आहे का बघा.

तपासा: तांब्याभर पाणी दोन्ही नळ्यांत हळूहळू ओता. पाणी लगेच खाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी आत सरकवा. धातूची तार घालू नका, नळी फाटली तर पाणी थेट आत येतं.

इंजिन. १९९० आणि १९९१ च्या मध्यापर्यंतच्या काही १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बोल्ट सैल झाला की तिथली चावी आणि खाच झिजते, आणि मग इंजिनच उघडावं लागतं. पुढच्या क्रँक पुलीला चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर सुधारित. इंजिन मंद चालू ठेवून पुलीकडे बघा: ती डगमगत असेल तर एकही पैसा दुसरीकडे खर्च करू नका.

एनएमध्ये थंड असताना वरून टिकटिक येते ती बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची. तेल आणि फिल्टर बदलल्यावर बरेचदा कमी होते, घाबरायचं कारण नाही. १.६ मध्ये एअरफ्लो मीटर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी नळीला खालून चीर पडलेली असते. ती हाताने वाकवूनच दिसते. गाडी मध्येच बंद पडत असेल तर सेन्सर बदलत बसण्याआधी ही नळी बघा.

तेलाच्या दाबाच्या काट्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवतो, वेगाप्रमाणे वरखाली होतो. १९९५ पासून काटा आहे, पण मागे केवळ चालू-बंद स्विच आहे. तो मधोमध स्थिर दिसतो म्हणून दाब ठीक आहे असं धरून चालू नका.

थंडावा. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी-पिवळसर झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय आणि ती कधीही फुटेल. हीच गाडी उन्हाळ्यात ट्रॅकवर नेली आणि हेड वाकलं, असं मी स्वतः दोनदा पाहिलंय.

क्लच. गिअरबॉक्सच्या बाजूला छोटा स्लेव्ह सिलिंडर आहे. त्याची रबरी टोपी थोडी उचला. आत ओलं असेल तर तो गेला. बदलताना मास्टर सिलिंडरही सोबत बदला. एकाचीच सील नवी झाली की जुन्याने दम तोडायला वेळ लागत नाही.

सस्पेंशन. चाक उचलून वरून-खालून धरून हलवा (बेअरिंग आणि बॉल जॉइंट), मग डावीकडून-उजवीकडून (स्टिअरिंगचे सांधे). शॉकवर तेलाचे ओघळ, बुशना चिरा, खालच्या आर्मच्या अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवायच्या) बोल्टवर गंज, सगळं वहीत.

हे एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे ज्यांच्या डोक्याखाली मध्यापासून सरकलेली चकती असते ते, प्रत्येक चाकाला दोन. ते जागीच गंजून बसले असतील तर अलाइनमेंट होतच नाही, आणि दुकानदार पैसे घेऊन "होईल तेवढं केलं" म्हणतो. आत्ताच नट सैल होतो का आणि बोल्ट फिरतो का, ते बघा. फिरवण्याआधी चकतीची जागा रंगाने खूण करून ठेवा. फिरत नसेल तर गंज सोडवणारं तेल रोज एकदा, आठवडाभर. बुशजवळ ज्योत लावू नका, रबर जळतं.

टायर. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. मिआटा वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर मात्र लाकूड झालेलं, हे फार दिसतं.

## टप्पा ४: द्रव, रबर, बेल्ट

बदलांसाठी म्हणून जी रक्कम बाजूला काढली असेल, तिच्यातली निम्मी या टप्प्यासाठी ठेवा. नव्या मालकांना हे ऐकायला आवडत नाही.

१. टायमिंग बेल्ट. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच समजा. अमेरिकेत त्याची मुदत ६०,००० मैल आहे. एनएची इंजिनं अशी बांधली आहेत की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. म्हणून काही जण वर्षानुवर्षं ढकलतात, पण बेल्ट तुटतो तेव्हा तुम्ही हायवेच्या मधल्या लेनमध्ये असता. पाण्याचा पंप, पुढची तेलाची सील आणि टेन्शनर त्याच वेळी बदला, कारण तिथपर्यंत पोचायची मेहनत एकच.

२. कूलंट, रेडिएटरचे पाइप, थर्मोस्टॅट, गरज असेल तर रेडिएटर. भरताना गाडीचं नाक वर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. आत हवा राहिली तर काटा अचानक चढतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

३. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल. इथे एकच नियम: भरायचं बूच आधी उघडा, गाळायचं नंतर. भरायचं बूच गंजून बसलेलं असेल आणि तेल गाळून झालं असेल, तर गाडी तिथेच उभी राहील.

४. गिअरच्या दांड्याखालचं रबर. फाटलं असेल तर केबिनमध्ये गरमी आणि आवाज येतो. दांड्याच्या बुडाशी थोडं वेगळं तेल असतं, ते गिअरबॉक्सच्या तेलासोबत बदललं जात नाही. अर्ध्या तासाचं, अगदी स्वस्त काम, आणि गिअर पडायचा अनुभव बदलतो. मी कुणालाही पहिलं हेच करायला सांगतो, कारण त्यात गाडीची ओळख होते.

५. ब्रेक आणि क्लचचं तेल, डॉट ४. तेल गडद तपकिरी असेल तर आधी भांड्यातलं काढून नवं भरा, मग चाकांवर जा. भांडं रिकामं होऊ देऊ नका.

६. बॅटरी. ती डिकीत आहे आणि तिचे वायू बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात. नेहमीची बॅटरी बसवून त्या नळ्या मोकळ्या सोडू नका. डिकीत आम्लाने पत्रा खाल्लेल्या मिआटा बऱ्याच आहेत.

तपासा: सगळं झाल्यावर ५० मैल चालवा, थंड होऊ द्या, आणि खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग कुठून आले ते शोधा.

## टप्पा ५: काहीही न बदलता चालवा

किमान हजार मैल, आणि जमलं तर ऑटोक्रॉसचा एक दिवस. हेल्मेट नसलं तरी बहुतेक ठिकाणी उसनं मिळतं. अनुभवी माणसाला शेजारी बसवा. आपली एक फेरी त्याला मारायला सांगा.

यातून तुम्हाला काय पाहिजे हे कळतं. गाडी वळणात नाकाने बाहेर जाते? मागचं टोक घसरतं? की तुम्ही स्टिअरिंग उशिरा वळवता? पहिल्या दोनचा उपाय गाडीत असेल, तिसऱ्याचा नाही. वहीत लिहा: कुठे, कोणत्या वेगाला, काय झालं. पुढचा प्रत्येक बदल या नोंदींशी ताडून बघायचा आहे.

## टप्पा ६: टायर आणि चाकं

एनएची मूळ चाकं १४ इंची, टायर १८५/६०. चांगल्या रबराचा उन्हाळी टायर हा पहिला बदल, आणि बऱ्याच जणांना तो शेवटचाही पुरतो. चाकं बदलायचीच असतील तर १५ इंची, ७ इंच रुंद, त्यावर १९५/५० हे रस्त्यासाठी निर्धोक माप आहे. चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या चाकांचं भोक मोठं असतं. योग्य कडं न घालता बसवलं की ताशी ६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंट करत फिरतो.

१७ इंची चाकं दिसतात छान, पण या गाडीचं वजन जेमतेम टनभर. जड चाक वरखाली होताना शॉकला झेपत नाही आणि गाडी उसळते. मी बसवू नका म्हणेन.

चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन मीटर. हवेच्या गनने आवळून सोडून देऊ नका. टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, चाक जमिनीला टेकलेलं असताना. ५० मैलांनंतर पुन्हा एकदा. एनएचा मूळ हवेचा दाब २६ पीएसआय आहे. गॅस स्टेशनवरचा माणूस सवयीने ३५ भरतो, आणि मग गाडी घसरते म्हणून तक्रार येते.

## टप्पा ७: ब्रेक

मोठे कॅलिपर घेऊ नका. नीट चालणारे मूळ ब्रेक, ताजं तेल आणि चांगले पॅड या हलक्या गाडीला रस्त्यावर आणि ऑटोक्रॉसला पुरतात.

पुढचे पॅड बदलणं सोपं आहे. चूक होते ती मागे. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळे पिस्टन शिकंजाने दाबला तर आत जात नाही. माणूस जोर वाढवतो आणि आतलं स्क्रू-तंत्र मोडतं. कॅलिपरच्या पाठीवर एक छोटा झाकणाचा बोल्ट आहे. तो काढा, आत ४ मिलिमीटरचा अ‍ॅलन पाना घाला आणि घड्याळाच्या उलट फिरवा. पिस्टन आत सरकतो. पॅड बसवल्यावर उलट दिशेने, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवा, मग थोडा मागे घ्या, इतका की डिस्क हाताने फिरेल. हे न करता हँडब्रेकची केबल ताणत बसणारे फार.

कॅलिपर सरकायच्या पिना काढून साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की एकच पॅड झिजतो.

नवे पॅड बसल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० मैलांवरून १० पर्यंत, न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावा आणि मग ब्रेक न लावता थंड होईपर्यंत चालवा.

सावधान: गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते तळाशी जातं, आणि समोर गॅरेजचं दार असतं.

## टप्पा ८: सस्पेंशन आणि अलाइनमेंट

आता कॉइलओव्हरची पाळी येऊ शकते. तरी मी बहुतेकांना मूळ स्प्रिंगवर चांगले शॉक, नवे बंपस्टॉप (शेवटची आपट झेलणारे रबरी ठोकळे) आणि नव्या बुश इथेच थांबायला सांगतो. या गाडीत चाकाला वर जायला जागा थोडी आहे. फार खाली बसवली की ती बंपस्टॉपवरच चालते, आणि ज्याला लोक "कडक सेटअप" म्हणतात ते रबरावर आपटणं असतं. स्प्रिंग कापणं तर अजिबात नको.

क्रम असा:

१. दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजून लिहा.

२. एका बाजूचं काम पूर्ण करा. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत ठेवा.

३. स्प्रिंग दाबायचं हत्यार दोन्ही बाजूंनी सारखं आवळा. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड आणू नका.

४. बुशचे बोल्ट आत्ता हाताने घट्ट करा, तेवढंच.

५. गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढेमागे ढकला, वरून दाबा, आणि मगच बुशचे बोल्ट टॉर्कला आवळा.

पाचव्या पायरीवर थांबतो. रबरी बुश फिरत नाही, पिळली जाते. चाक हवेत लटकलेलं असताना बोल्ट आवळला तर बुश त्या स्थितीत घट्ट होते, आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेली राहते. माझ्या पहिल्या मिआटावर मी सगळ्या नव्या बुश अशाच आवळल्या होत्या. गाडी बोटभर उंच बसली आणि वर्षभरात बुश फाटायला लागल्या. सगळं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून रॅम्पवर चढवून किंवा खालच्या आर्मखाली जॅक लावून, वजन चाकावर आणूनच आवळतो.

कॉइलओव्हर असतील तर मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, आणि खालच्या आर्मचं बाहेरचं टोक थोडं खालीच राहील एवढीच गाडी उतरवा. अँटी-रोल बार (वळणात गाडी कलण्याला आवर घालणारा दांडा) जाड करायचा तर आधी पुढचा. फक्त मागचा जाड केला तर पावसात मागचं टोक सुटतं, आणि ही मागच्या चाकांवर चालणारी आखूड गाडी आहे.

अलाइनमेंट हे सस्पेंशनच्या कामाचाच भाग आहे, वेगळा खर्च नाही. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतक्या पिशव्या ठेवून करायला सांगा. रस्त्यासाठी सुरुवातीचे आकडे: पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ अंशाच्या आसपास, मागे उणे १.५ च्या आत, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) साडेचार ते पाच, पुढे टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) शून्य, मागे किंचित आत. दोन्ही बाजू सारख्या. छापील कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासा: सरळ रस्त्यावर हात सैल सोडून गाडी सरळ जाते? मग टप्पा ५ मधली तीच वळणं घ्या आणि वही उघडा.

## टप्पा ९: रोल बार, सीट, पट्टे

ट्रॅकवर जाणार असाल तर हे इंजिनच्या आधी. उलटल्यावर डोकं वाचवायला या गाडीत काचेच्या चौकटीपलीकडे काही नाही. रोल बारचा माथा आणि काचेच्या चौकटीचा वरचा भाग यांवर एक सरळ काठी आडवी ठेवा. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्या काठीच्या खाली राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर सीट खाली करा, बार उंच घ्या.

रस्त्यावर हेल्मेट नसतं, तेव्हा तोच बार डोक्यामागे लोखंड म्हणून उभा असतो. डोकं पोचेल तिथे कडक, प्रमाणित पॅडिंग हवं. मऊ फोम चालत नाही. बार बसवताना मागे ड्रिल करण्याआधी लक्षात घ्या, पेट्रोलची टाकी तिथेच, सीटांच्या मागच्या पत्र्याखाली आहे.

सावधान: बार आणि योग्य सीट नसताना चार बिंदूंचे पट्टे लावू नका. मूळ तीन बिंदूंचा पट्टा त्यापेक्षा चांगला. स्टिअरिंग बदललं की एअरबॅग जाते, याचा विचार करा. आणि तिच्या पिवळ्या जोडणीला हात लावण्याआधी बॅटरी काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा.

## टप्पा १०: इंजिन, सगळ्यात शेवटी

१९९० ची १.६ अमेरिकेत ११६ अश्वशक्तीची होती. मोकळा फिल्टर आणि एक्झॉस्ट लावल्याने मुख्यतः आवाज वाढतो. ते हवं असेल तर जरूर लावा, वेगाची अपेक्षा ठेवू नका.

एनएमध्ये एक बिनखर्चाची गोष्ट आहे. इंजिनाजवळच्या निदान डबीत 'टेन' आणि 'ग्राउंड' ही दोन टोकं तारेने जोडून, टायमिंग लाइटने ठिणगीची वेळ बघता येते. मूळ माप १० अंश आहे. वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं, त्यामुळे आधी ते १० वर आणा. बरेच जण पुढे १४ पर्यंत नेतात. तसं केलंत तर महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच भरा आणि चढावर, कमी वेगात टकटक येते का ते ऐका. आली तर लगेच मागे घ्या. काम झाल्यावर तार काढायला विसरू नका. ती राहिली तर ठिणगी पुढे सरकतच नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते.

टर्बो हवाच असेल तर खरेदीचा क्रम उलटा आहे. आधी रेडिएटर आणि थंडावा, मग क्लच, मग इंधनाचं मिश्रण मोजणारा सेन्सर आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनचा संगणक), मग इंजेक्टर, आणि टर्बो अगदी शेवटी. १९९० ते १९९३ च्या गाड्यांत ६ इंची डिफरन्शियल आहे, ते टर्बोच्या जोरापुढे तुटतं; १९९४ पासूनचं ७ इंची आधी शोधा. इंजिनचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्या तिघांपासून दूर असेल, तर टर्बोची पेटी उघडू नका, परत पाठवा.

ट्यून झाल्यावर पहिले ५० मैल शांतपणे, हाताशी लॅपटॉप ठेवून. मग गाडी थंड करून तेल, कूलंट आणि टर्बोचे सगळे नट तपासा. ते गरम-थंड होताना सैल होतात, आणि पहिल्या आठवड्यात ते दोनदा आवळावेच लागतात.